अकरा गाठींचा दोर

भुतं रात्रीच येतात, असं कुणी सांगितलं? माझ्या मामाला भेटली ती सकाळी साडेसातला. मंगळवारी. लख्ख उन्हात.

थापा मारायला अक्कल लागते. मामाकडे ती नाही, म्हणून त्याच्या शब्दावर माझा विश्वास.

मामा जलाशयावर नावाडी. रोज होडी मधोमध न्यायची, नांगर टाकायचा, पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्यायचा. गाव तेच पाणी पितं. तपासणारी माझी थोरली बहीण. म्हणजे मामाची लाडकी भाची.

त्या शनिवारी नांगर तुटून तळाशी गेला.

काठावर हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचं खोदकाम चाललं होतं. गोल झोपड्यांचे चौथरे, चुली, खापरं. तिथलाच एक चपटा, मध्ये खोलगट दगड मामाने उचलला आणि दोराला बांधला. दगडांना काय तोटा?

दोराला दर दोन हातांवर गाठ. अकरा गाठी हातातून सुटल्या, तळ लागला.

रविवारी… नऊच सुटल्या.

पाणी उतरलं असेल, म्हणून मामाने काठावरची पट्टी पाहिली. पाणी जिथल्या तिथे.

सोमवारी… सहा.

आणि दोर हातात थरथरत होता. खर्र… खर्र… खाली कुणी काही घासत असल्यासारखा.

"मामा, बाटलीवर बसून बिस्किटं खातोस का?" दुपारी ताईने विचारलं. "नमुन्यात पीठ आहे."

"चहाशिवाय मी बिस्किटाला हात लावत नाही."

"मग उद्या मीच येते. बघू दे कुठून येतंय."

संध्याकाळी टपरीवर खोदकामाच्या बाई भेटल्या. वैतागलेल्या.

"एका झोपडीत वरवंटा आहे, पण पाटा नाही. इतकी वर्षं राहिला आणि आता कुठे गेला?"

दोराला बांधलेला तो खोलगट दगड मामाला आठवला. पण खरं सांगितलं तर बाईंनी सालटं काढलं असतं. मामाने चहाचे पैसे ठेवले आणि निघाला.

ताईला मात्र त्याने फोन केला. "उद्या नको येऊस. होडी गळते."

"मग तू काय चालत जातोस?"

आली ती.

मंगळवारी मामाने दगड सोडला. एक गाठ सुटली…

दोर सैल पडला.

होडीखाली बावीस हात पाणी. आणि दगड हातभर खाली, स्थिर.

मामा काही बोलायच्या आत ताईने वाकून दोन्ही हात पाण्यात घातले.

"मामा…" तिचा आवाज अगदी हळू होता. "दगड कुणीतरी धरलाय. खालून."

"हात काढ."

"निघत नाहीत. माझे हात पण धरलेत."

ती पुढे ओढली जात होती. कोपर बुडलं. मग दंड. केस पाण्याला लागले. मामाने तिची कंबर धरली, होडी कलंडायला आली.

तेव्हा मामा पाण्याशी बोलला. सख्ख्या बायकोशीही तो इतक्या नम्रपणे कधी बोलला नसेल.

"चुकलं माझं. वस्तू तुमची आहे. आत्ता नेऊन ठेवतो. पोरीला सोडा."

खालची ओढ थांबली.

ताई मागे आपटली. दगड वर आला, अगदी हलका, कुणी खालून उचलून दिल्यासारखा. त्याच्या खोलगट भागात मूठभर पीठ होतं.

कोरडं.

मामाने तो पाटा त्याच झोपडीत, वरवंट्याशेजारी ठेवला आणि मागे न बघता परतला. दुसऱ्या दिवशी नवा नांगर आला. अकरा गाठी सुटल्या. पाणीही स्वच्छ.

गोष्ट इथेच संपली असती.

पण टपरीवर बाई पुन्हा भेटल्या. "पाटा मिळाला हो. पण आता वरवंटा गेला."

तो अजून सापडलेला नाही.

ताईच्या घरी मिक्सर आहे. जन्मात तिने दगडावर काही वाटलेलं नाही. तरी तिच्या दोन्ही तळहातांना घट्टे पडलेत. मामा भेटला की आधी तिचे हात उलटे करून बघतो, "कशी आहेस" नंतर.

गेल्या रविवारी ती नुकतीच भांडी घासून उठली होती. हातांवरून पाणी निथळत होतं.

नखांत मात्र पीठ होतं…

कोरडं.