ओल्या सारवणातलं भोक

बापाचं वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे पांगले, आणि शिला तीन दिवस त्याच्या बंद घरात राहिली. वारंगा फाट्यावरून आत जाणाऱ्या रस्त्याला एक तांडा आहे, तिथलं ते एका खोलीचं घर. सोबत तिचा चेलो होता. माणसाएवढं ते वाद्य बघून तांड्यानं कधीच ठरवून टाकलं होतं, की उत्तमसिंगाच्या पोरीनं सारंगीला खुराक जरा जास्तच घातला.

हैदराबादच्या वसतिगृहात शिकायला गेलेली ही पोर बाराव्या वर्षी चेलोला चिकटली ती सुटलीच नाही. पुढं मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदात बसली, परदेशांत वाजवून आली. पण सुटीत घरी वाजवायची तेव्हा ऐकायला एकटा बा. तोही ठार बहिरा. खडीच्या मशीनवर जन्म घालवून त्याचे कान गेले होते. तंबाखू चघळत तो काठी जमिनीत रोवायचा, सरकत सरकत जवळ यायचा आणि शेवटी चेलोच्या पोटावर तळहात ठेवायचा. लाकडाची थरथर हातात उतरली की त्याचा चेहरा फुलायचा. हातानं सूर दबायचा, पण त्याला सांगणार कोण? वाजवून झालं की शिला त्याच्या हातावर दोनदा टिचकी मारायची, म्हणजे संपलं. त्याचं मन भरलं नसेल तर तो लाकडावर एकदाच बोट वाजवायचा. म्हणजे पुन्हा.

गेल्या वर्षी कार्यक्रमाच्या मध्यंतरात फोन आला, बाचं काही खरं नाही. शिलानं फोन बंद केला आणि ती रंगमंचावर गेली, कारण तिचं एकटीचं वादन पुढंच होतं. टाळ्या पडत होत्या तेव्हा इकडं बा गेला. तेव्हापासून ते वादन तिला शेवटास नेता येईना. ठरावीक जागी हात थिजायचा. आणि आता चार दिवसांवर येऊन ठेपलेल्या वाद्यवृंदाच्या परीक्षेत तेच वाजवायचं होतं. जमलं तर पहिली खुर्ची, नाही तर आहे ती जागाही जाणार.

पहिल्या दिवशी शेजारच्या रुख्मिणीकाकीनं घर सारवून दिलं. भर दुपारी वीज गेली, पंखा थांबला, तांडा पेंगला. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून शिलानं दाराला कडी लावली. चेलोच्या बुडाचा लोखंडी काटा ओल्या जमिनीत रोवून तिनं डोळे मिटले आणि गज ओढला. नेहमीच्या जागी हात थिजला. डोळे उघडले तर दाराजवळ सारवणात आणखी एक भोक होतं, काट्याच्या भोकाहून रुंद. आधीचंच असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकीनं ते लिंपून टाकलं. दुपारी वाजवून झाल्यावर भोक खोलीच्या मधोमध होतं. कडी तशीच होती. शेणाच्या वासात तंबाखूचा वास मिसळला होता.

शिलानं काकीला बोलावलं. तिनं वाकून भोकात बोट घालून पाहिलं.

"हे तं तुह्या बाच्या काठीचं हाय..."

"काठी कुठंय, काकी?"

"कुठं ऱ्हाईन? सरणावर जळाली. समद्यायनं पाह्यलं." काकीचा आवाज अगदी खाली आला. "पोरी, आता वाजवू नको. जवळ येऊन राहिला तो..."

तिसऱ्या दिवशी शिलानं बॅग भरली. फाट्यावर नेणारी जीप चारला येणार होती. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण भीतीहून लाज मोठी होती. एकदा त्याला सोडून ती वाजवायला गेली होती. आता न वाजवता सोडून जायचं?

दुपारी तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. हात थिजायची जागा आली आणि सूर अचानक दबला. ते दबणं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिचा हात थांबला नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि वादन शेवटपर्यंत गेलं, वर्षभरात पहिल्यांदाच.

डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. भोक तिच्या काट्यापासून वीतभरावर होतं.

"बा... झालं. काढ आता हात."

तिनं तार छेडली. सूर दबलेलाच. ती तेच जरा मोठ्यानं म्हणाली, मग ओरडून म्हणाली. पण बाला ऐकू कुठं येत होतं?

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. शिलानं हात पुढं केला, जुन्या सवयीनं, दोनदा टिचकी मारायला. बोटं लाकडापर्यंत पोचलीच नाहीत. मधेच काहीतरी गार, खरखरीत लागलं. तिनं दोन टिचक्या मारल्या आणि वाट पाहिली.

लाकडावर एकदाच बोट वाजलं.

तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा दोन टिचक्या. पुन्हा एकच बोट. तिसऱ्यांदाही तेच. जीपवाला हॉर्न देऊन देऊन कंटाळला आणि निघून गेला. शिलाचा खांदा भरून आला होता, तारांवरची बोटं सोलली होती. तिनं चौथ्यांदा गज उचलला, तेव्हा तंबाखूचा वास अगदी तोंडाजवळ आला, आणि चेलोवर दुसराही तळहात टेकला, एरवी काठी धरणारा.