सहावं शेपूट

कागद ओला की गुलाबी, वाळला की निळा. एवढं साधं काम, पण गेले आठ दिवस ते तिच्या जिवावर उठलं होतं.

संस्थेत सगळे तिला ‘वाळवणवाली’ म्हणून चिडवत. विंड टनेलमध्ये ती संस्थेच्याच आवाराची शंभरपट लहान प्रतिकृती मांडायची, इमारतींच्या मधल्या जमिनीवर भिजवलेला कागद अंथरायची, वारा सोडायची आणि पाणी कुठे किती वेगानं उडतं ते मोजायची. आडोशाला कागद उशिरा वाळतो, त्यामुळे प्रत्येक इमारतीमागे एक गुलाबी शेपूट उरतं. पाच इमारती, पाच शेपटं.

तिला सहा मिळत होती.

सहावं फाटकाजवळ होतं. तिथे इमारत सोडा, टाचणीसुद्धा नव्हती. तिनं कागद बदलला, पाणी बदललं, भिंग घेऊन कचरा शोधला. शेवटी चिडून शेपटाच्या लांबीवरून आडोशाची उंची काढली. पावणेदोन सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या आवारात माणसाएवढी. तिनं तो आकडा खोडून टाकला.

पण शेपूट दर खेपेला सरकत होतं. आधी बागेपाशी, मग पायऱ्यांपाशी. काल ते प्रतिकृतीतल्या टनेलच्या, म्हणजे ती बसली होती त्याच इमारतीच्या दारात होतं.

“एका डागापायी आठवडा घालवलास,” सर वैतागले. “दुपारपर्यंत स्वच्छ फोटो दे. नाहीतर टनेल दुसऱ्या गटाला, आणि तुझा प्रबंध पुढच्या वर्षी.”

“सर, तो डाग नाहीये. सरकतोय तो.”

“मग तूही जरा हातपाय हलव.”

पाच वर्षं घासून हे ऐकायचं! तिला रडूच यायचं बाकी होतं.

टनेल चालवणाऱ्या काकांनी पंखा सुरू केला. “चहा सांगून येतो, बाई,” म्हणत ते गेले. ती काचेला नाक लावून बसली.

पाच इमारती. पाच शेपटं. दारात काही नाही.

तिनं फोटो पाठवला. “छान,” सरांचं उत्तर आलं. तिचा जीव भांड्यात पडला.

कागद भिजवताना सांडलेलं पाणी काकांनी पुसलं होतं, म्हणजे खोलीभर पसरवलं होतं. टनेलच्या मागच्या तोंडातून सुटणाऱ्या वाऱ्यानं फरशी वाळत आली होती. टेबलामागे एक ओला पट्टा उरला होता. तिच्या खुर्चीमागे एक.

आणि दोन पावलांवर तिसरा. त्याच्यापुढे वारा अडवणारं काहीच दिसत नव्हतं.

तिचा हात पंख्याच्या बटणापाशी थांबला. वारा बंद केला, तर ते कुठे उभं आहे हे कळणार नव्हतं.

तिनं तो चालू ठेवला. फरशी भराभर वाळत होती.