बाग फुलोऱ्यात असताना

सातारा स्टँडवर नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. सांगलीची गाडी अजून लागली नव्हती. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या संयोगितानं शेजारच्या तरुणाकडे पाहिलं... आणि धीर करून विचारलं,

“तुमचा फोन पाच मिनिटं मिळेल?”

“घेऊन पळणार न्हाई ना?”

“गाडीच लागली नाही. पळू कुठं?”

तो हसला. जयराज, पलूसचा. घरची द्राक्षबाग. संयोगिता सांगलीच्या एका लहानशा कंपनीत बागायतदारांसाठी ॲप बनवत होती. ॲप बंद असलं, फोन खिशात असला, तरी पावसाचा इशारा शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवा होता. तिच्या स्वतःच्या फोनवर तो येत होता, पण परक्या फोनवर अजून पाहायचं होतं.

तिनं त्याच्या फोनवर ॲप टाकलं. ‘सूचना पाठवू द्यायच्या का?’ अशी चौकट आली.

“द्या की,” तो म्हणाला, आणि बोट टेकवलं.

पहिला निरोप आलाच नाही. बॅटरी वाचवायच्या सेटिंगनं तो अडवला होता. तिनं ते बंद केलं, पुन्हा पाठवला. त्याच्या हातात फोन थरथरला.

“चाचणी,” त्यानं वाचलं. “एवढंच? बाग फुलोऱ्यात हाय माझी, काय तरी चांगलं धाडा.”

पुढच्या क्षणी फोन पुन्हा वाजला – ‘जयराज, आज पाऊस लवकर थांबेल.’

“खरंच थांबंल?”

“ते मला काय माहीत!”

पाऊस थांबला नाही. सांगलीपर्यंत दोघं एकाच बाकावर बसून आली.

त्यानंतर जयराजचा फोन तिच्या चाचणीच्या यादीत राहिला. प्रत्येक नवा बदल आधी त्याच्या फोनवर जायचा, आणि मजकूर हळूहळू बदलत गेला. ‘जेवलास का?’ ‘डावणी रोग आला नाही ना बागेत?’ त्याला ॲपवरून उत्तर देता यायचं नाही, म्हणून तो फोन करायचा. “निरोप पोचला, मॅडम,” म्हणायचा... आणि मग तासभर ठेवायचा नाही. मनातलं मात्र दोघांनीही उघड बोलून दाखवलं नव्हतं.

जानेवारीत त्याचा सैन्यातला थोरला भाऊ साईराज गाडी दरीत कोसळून गेला. मागं बायको क्रांती आणि रांगती मुलगी.

मार्चमध्ये जयराज सांगलीत आला. कृष्णेच्या घाटावर तो तिला भेटला.

“घरात ठरलंय,” तो म्हणाला. “वहिनीचं न् माझं लगीन.”

संयोगिता म्हणाली, “त्यांना विचारलं कुणी?”

त्यानं मान खाली घातली. “न्हाई.”

“मग आधी तू विचार. त्या नको म्हणाल्या तर... मी आहे.”

त्या नको म्हणाव्यात, असं तिला फार वाटत होतं. तसं वाटण्याची तिला लाजही वाटली.

आठवडाभरानं त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

“विचारलं. लय रडली. म्हणाली, भावोजी, मला माहेरी धाडलं तर ते दुसरीकडं देतील. पोरगी हितंच राह्यली तर मी कशी जगू?... संयोगिता, तू सांग. तू म्हणशील तसं करतो.”

“हे माझ्यावर ढकलू नकोस, जयराज.”

“खरं तर मी व्हय म्हणून आलोय तिला,” तो म्हणाला. “पण तुझ्यावर जीव हाय माझा. एकदा तरी तोंडानं सांगायचं हुतं.”

“मला माहीत होतं रे... माझाही होता. आहे. त्यांना उपकार केल्यासारखं वागवू नकोस कधी. नीट संसार कर.”

एप्रिलच्या सुरुवातीला ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं. चाचणीच्या यादीतून तिनं जयराजचा फोन काढला आणि पलूसच्या बागायतदारांच्या यादीत टाकला. त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. तिनं इशारा लिहिला – ‘पलूस परिसरात संध्याकाळी पावसाची शक्यता. तयार माल आजच उतरवून घ्या.’ एकदा वाचला. पाठवला.

पडद्यावर एकेका फोनला इशारा पोचल्याची नोंद दिसू लागली. त्यातला त्याचा कुठला, ते तिनं शोधलं नाही. सगळ्यांना पोचेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, मग उठून तोंडावर पाणी मारून आली.