एकशे चाळीसच्या पुढं

कार्तिकातली पहाट होती. अमडापूरजवळच्या तलावावर परदेशी पाहुण्या पक्ष्यांची मोजणी ठरलेली. समता दुर्बिणीपाशी बसली. जोडीदार बिलकिस मागं बसून आकडे लिहिणार होती, पण नोंदीचा कागदच बांधावरच्या गाडीत राहिला.

"थांब वं, मी आलीच!" म्हणत बिलकिस पळाली.

थांबायचं कसं? धुकं उठत होतं, अन् ऊन पडलं की चक्रवाक कुणासाठी थांबत नाहीत. समतानं काचेला डोळा लावला.

मोजणाऱ्यानं नजर हलवायची नाही, दहादहाचा आकडा मोठ्यानं बोलायचा. लिहिणाऱ्यानं तो परत म्हणायचा. ही रीत तिच्या बाबांची, प्रेमानंद मास्तरांची. मास्तर श्रावणात गेले. बंगळुरूत शिकणारी समता दोन दिवसांनी पोचली. त्यांचा शेवटचा फोन तिनं वर्ग चालू आहे म्हणून उचलला नव्हता. तेव्हापासून तिला एकच हवं होतं... तो आवाज, एकदा.

"पन्नास," ती म्हणाली.

"पन्नास," मागून कुणी म्हणालं.

बिलकिस आली वाटतं.

"साठ."

"साठ."

आवाज पुरुषाचा होता. आकड्याआधी धाप लागणारा. चिखलाच्या वासात खडूचा वास मिसळला.  समता वळली नाही.

"बाबा... रागावले का हो?"

 मोजताना मास्तर दुसरं काही बोलूच देत नसत.

"सत्तर," ती रडत म्हणाली.

"सत्तर."

एकशे चाळीसवर पक्षी संपले. पुढं वाळक्या बाभळीपर्यंत नुसतं पाणी. आकडे थांबले की आवाजही थांबणार. खोटी नोंद म्हणजे पाप, असं सगळ्यांना ठणकावणारी समता रिकाम्या पाण्याकडं पाहत म्हणाली, "दीडशे."

मागं काहीच नाही.

चपला वाजवत बिलकिस आली. "काय मोजून राह्यली वं? पाणी तं रिकामं हाये!"

"दीडशे, बाबा... म्हणा ना."

धाप ऐकू आली. मागून नव्हे, समोरून. बाभळीपासून, जिथं तिनं नसलेले दहा पक्षी बसवले होते.

"दीडशे..."

बिलकिसच्या हातातून कागद गळला. "पाण्यात कोन हाये वं?"

काचेत कुणीच नव्हतं. फक्त बाभळीपासून एक लाट संथपणे काठाकडं निघाली होती, कमरेइतक्या पाण्यातून कुणी चालत यावं तशी.

"एकशे साठ," आवाज म्हणाला.

तो आकडा समतानं बोललाच नव्हता.