उसना होकार

अश्लेषा वाघमोडेच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे श्रीनिवास सोनटक्क्यांना रोज दाढी करताना आठवायचं. दिवसभरात स्वतःच्या तोंडाकडे बघायची वेळ तेवढीच येत असे, म्हणून असेल. पत्र लहानसं होतं, शाईने लिहिलेलं, टपालाने आलेलं. सर संगणकावरचे निरोप उघडत नाहीत हे त्यांच्या या जुन्या विद्यार्थिनीला ठाऊक होतं. 'सर, तुमची शेजारभरणी आम्ही माणसांच्या मतांसाठी वापरावी का? तुम्ही लोककौलाच्या समितीवर आहात. उत्तराची वाट बघते.'

उत्तर लिहायला त्यांनी घेतलं होतं. पहिल्या मसुद्यात 'नाही' लिहिलं. मग वाटलं, आपण निवृत्त माणूस, आजच्या यंत्रांतलं आपल्याला काय कळतं. दुसऱ्यात 'विचार करायला हवा' असं लिहिलं आणि स्वतःलाच लाज वाटली. तिसरा मसुदा लांबत गेला, त्याला तळटीपा फुटल्या, आणि एका तळटीपेपाशी तो थांबला तो थांबलाच. पत्र शब्दकोशात गेलं. या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली होती.

शेजारभरणी त्यांनी तरुणपणी पीकपाहणी खात्यात असताना काढली. पाहणीला गेलेल्या माणसाला एखाद्या घराला कुलूप दिसे आणि रकाना रिकामा राही. सोनटक्क्यांचा तोडगा सोपा होता: तेवढीच जमीन, तशीच विहीर, तेवढीच खाती तोंडं असलेलं दुसरं घर शोधायचं आणि त्याचा धान्याचा, बैलांचा आकडा उसना घ्यायचा. एखाद्या घराची चूक व्हायची, पण तालुक्याची बेरीज चुकत नसे. एकच अट होती. उसना आकडा पुढे कुणाला उसना द्यायचा नाही. देणारं घर खरोखर बोललेलं हवं.

त्या दिवशी सकाळी गुलाब मुजावर आले. नदीपलीकडच्या पैलवाडीत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, दुकानामागेच घर. सोनटक्क्यांचा फाटका शब्दकोश त्यांनी नवा कापडी पुठ्ठा चढवून आणला होता.

"यात एक पत्र घावलं," मुजावर म्हणाले. "वाचलं न्हाई म्या. जिथं हुतं त्याच पानात ठेवलंय."

"बरं केलंत. बसा, चहा टाकतो."

"बसत न्हाई." मुजावर दारातच उभे राहिले. एरवी हा माणूस चहासाठी स्वतःच गॅस पेटवायचा. "सर, तुमी भिंतीला हो म्हनलात?"

वेणापूर महापालिका यंदा नदीच्या उत्तर काठाला पूरभिंत बांधणार होती. भिंत झाली की शहर वाचेल; अडलेलं पाणी दक्षिणेला वळेल आणि पैलवाडी उठवावी लागेल. निर्णय लोककौलाने व्हायचा होता. पूर्वी अशा वेळी प्रभागसभा भरत, खुर्च्या उडत. आता प्रत्येक रहिवाशाची एक मतछाया असे. माणूस काय लिहितो, काय बोलतो, काय विकत घेतो यावरून यंत्राने घडवलेली त्याची बोलती प्रतिमा. प्रश्न छायेला विचारला जाई आणि उत्तर नावानिशी सगळ्यांना दिसे.

"मी कुणाला काहीच म्हणालो नाही, मुजावर."

"तुमच्या नावाफुडं संमती लिवलीय."

"मी तो कौल पाहिलासुद्धा नाही. मला त्या सगळ्याचा..." सोनटक्क्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. त्यांना त्या सगळ्याचा त्रास होत असे. बातम्या लागल्या की ते स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत.

"आता गंमत ऐका," मुजावर म्हणाले, पण हसले नाहीत. "माझ्या नावाफुडंबी संमतीच हाय. तुमी निदान दुसऱ्याचं घर बुडवलं. म्या तर माझंच बुडवायला हो म्हनलोय."

ते गेल्यावर सोनटक्के घरात येरझाऱ्या घालत राहिले. चहा उकळून करपला. शेवटी त्यांनी पत्र खिशात घातलं, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात लावलं आणि लोककौल केंद्राची बस पकडली.

केंद्र साखरेच्या जुन्या गोदामात होतं. आत यंत्रांच्या रांगा होत्या आणि त्यांना गार ठेवणाऱ्या पंख्यांचा एकसुरी आवाज. डॉ. अश्लेषा वाघमोडे आता केंद्रप्रमुख होती. केस पांढरे झाले होते, पण सरांना बघून ती पूर्वीसारखीच गडबडीने उठली.

"सर, तुम्ही? कळवायचं तरी."

"कळवणं मला जमत असतं तर तीन वर्षांपूर्वीच जमलं असतं," सोनटक्के म्हणाले. "मला एक सांग. मी गप्प होतो. माझ्या छायेला माझं मत कसं कळलं?"

तिने यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "छाया घडवायला माणसाचं बोलणं लागतं, सर. या शहरात नऊ माणसांमागे एक जण सार्वजनिक प्रश्नावर काही बोलतो. बाकी आठ लग्नाचे फोटो टाकतात, नाहीतर काहीच टाकत नाहीत. त्यांचे रकाने रिकामे. ते आम्ही शेजारभरणीने भरतो. जमीन आणि विहिरीऐवजी वय, औषधं, पेन्शन, वर्तमानपत्र, उठायची वेळ, अशा हजारो खुणा. ज्याचं आयुष्य सर्वांत जुळतं, त्याचं उत्तर उसनं."

"माझं कोणाशी जुळलं?"

अश्लेषाने बघितलं आणि जरा अडखळली. "माधव भुर्के. तुमच्याच मजल्यावर राहतात."

भुर्के रोज सकाळी गच्चीवरून फोनवर देश चालवत असत, आणि त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत पोचे. सोनटक्के त्यांना टाळण्यासाठी जिना वापरायचे.

"आमची रक्तदाबाची गोळी एक आहे," ते क्षीणपणे म्हणाले.

"पेन्शनही एकाच दिवशी येते."

"आणि पैलवाडीतले मुजावर?"

तिने ते नाव शोधलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. मुजावरांच्या नावापुढे देणाऱ्याचं नाव होतं: श्रीनिवास सोनटक्के. दोघे विधुर, दोघे पुस्तकांत, दोघे गप्प. भुर्क्यांचा होकार सोनटक्क्यांकडे आला होता आणि त्यांच्याकडून नदी ओलांडून मुजावरांच्या घरात गेला होता.

"पण हे माझ्या अटीविरुद्ध आहे," सोनटक्के म्हणाले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. "उसनं पुढे द्यायचं नाही."

"बोलणारे इतके कमी निघाले की अट शिथिल करावी लागली. पद्धत आणि ही सूट समितीने एकमताने मंजूर केली. एकाचा जरी नकार असता तरी पद्धत वापरता आली नसती. म्हणून तर तुम्हाला पत्र लिहिलं होतं, सर."

"मी उत्तर दिलं नाही."

"नाही. समितीतले तिसरे, देऊसकर सर, त्यांनीही दिलं नाही." तिचा आवाज खाली आला. "मी होकार दिला होता. मग तुमचे दोघांचे रकाने भरले. तुमच्याशी कामाची पद्धत सर्वांत जुळणारी व्यक्ती कोण, तर तुमची विद्यार्थिनी. तिघांचं एकमत होतं, सर. तिन्ही मतं माझी होती."

सोनटक्के खुर्चीत बसले. गंमत अशी होती की समितीच्या या मतदानात त्यांची अट कुठेच मोडली नव्हती. अश्लेषा खरोखर बोललेली होती. देणारं घर उघडं होतं. ज्या पद्धतीला आपण उत्तर द्यायचं टाळलं, तिनेच, आपल्याच नियमात राहून, आपलं उत्तर देऊन टाकलं होतं.

"तुला हे तेव्हा खटकलं नाही?"

"खटकलं. पण तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, सरांना चालतंय."

सोनटक्क्यांनी खिशातलं पत्र चाचपलं.

अश्लेषाने खुर्ची पुढे ओढली. "कौल शनिवारी बंद होतो. एक वाट आहे. माणूस स्वतः बोलला की उसनं उत्तर पुसलं जातं. तुम्ही आत्ता इथे बसून भिंतीला 'नाही' म्हणा."

"माझ्या एका मताने काय होणार?"

"तेच तर. शहरातल्या गप्प माणसांत तुमच्याइतकी ओळख कुणाचीच यंत्राकडे नाही. चाळीस वर्षांचे लेख आहेत तुमचे. त्यामुळे यंत्र गप्प माणसाला जुळणारा माणूस शोधायला लागलं की फिरून फिरून तुमच्यापाशी येतं. तुम्ही 'नाही' म्हणालात की मुजावर 'नाही' म्हणतील, पैलवाडी म्हणेल, अर्धं शहर म्हणेल. भिंतीचा प्रस्ताव पडला म्हणून समजा."

जन्मभर ज्यांनी सोसायटीच्या बैठकीत हात वर केला नव्हता, त्या सोनटक्क्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"आणि त्या पत्राचं उत्तर दिलं तर? पद्धतीलाच नकार दिला तर?"

"तर उसनी उत्तरं सगळीच जातील. नवातला एक उरेल. कौलाला निम्मी माणसं लागतात, म्हणजे तो रद्द. पालिकेला घरोघर जाऊन विचारावं लागेल. तुमचं मत मग एकच मोजलं जाईल, आणि लोक काय म्हणतील ते सांगता येत नाही. कदाचित खरंच 'हो' म्हणतील." ती थांबली. "समितीचं उत्तर लेखी लागतं, सहीचं. टपालावरचा शिक्का शनिवारच्या आतला हवा. पण सर, इथे या खुर्चीत बसून पैलवाडी नक्की वाचते."

"तू काय केलं असतंस?"

"माझं उत्तर तुम्हाला आधीच एकदा पोचलंय," अश्लेषा म्हणाली. "पुन्हा नको."

त्यांनी वेळ मागून घेतला आणि पुलावरून चालत पैलवाडीला गेले. पाणी संथ होतं, जसं काही त्याचा कशाशी संबंध नाही. मुजावर दुकानात खळ ढवळत होते. सोनटक्क्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मध्ये दोनदा चुकले, परत सुरुवात केली.

"म्हंजे माझ्या तोंडातलं 'हो' भुर्क्याचं?" मुजावर म्हणाले. "त्या माणसानं आमच्याकडनं डायरी बांधून घेतली, अजून न्यायला आला न्हाई."

"आणि मी 'नाही' म्हटलं तर तुमच्या तोंडी माझं 'नाही' येईल."

"मग म्हना की. थांबलाय कशाला? तुमचं न्हाई मला चालतंय."

"चालेल का, हे मी विचारत नाहीये. तुमचं उत्तर काय आहे?"

मुजावरांनी खळीतला ब्रश बाहेर काढला, निथळू दिला. रस्त्यावरून एक टेंपो गेला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "ठावं न्हाई. ह्या भिंतीवर बगा, पान्याची रेघ. दोनदा रंग दिला, पुन्हा उमटती. गेल्या पुरात शबाना, माझी बायकू, होडीत असतानाच गेली. पोरगं म्हनतंय, अब्बा, नवी जागा मिळतीय, घ्या आनि सुटा. सकाळी उठलो की वाटतं हो म्हनावं. दुकान उघडलं की वाटतं, मेलो तर हितंच मरावं. शेजारीपाजारी समद्यांम्होरं 'न्हाई न्हाई' म्हनतोय. पर इचारलंय कुनी? तुमी पयले."

सोनटक्के स्टुलावर बसले. ते मघापासून या माणसाला वाचवायला निघाले होते. भुर्क्यांनीही बहुधा शहर वाचवायलाच हो म्हटलं असेल. यंत्राला रिकामा रकाना दिसला की ते समजे, इथे उत्तर आहे, फक्त मिळालेलं नाही. कुलूपबंद घरात बैल असतात. मोजायचे राहिलेले असतात. पण मुजावरांच्या घरात उत्तर नव्हतंच अजून. ते तयार व्हायचं होतं. कुणीतरी येऊन दारात उभं राहिल्याशिवाय, विचारल्याशिवाय, ते तयार होणारही नव्हतं. धान्य आणि मत यांतला हा फरक ते तीन वर्षं तळटीपेत शोधत होते.

"मुजावर, मी खुर्चीत बसून 'नाही' म्हटलं तर तुमचं घर नक्की वाचतं. पत्र टाकलं तर सांगता येत नाही. उद्या तुम्ही मला बोल लावाल."

"लावीन की," मुजावर म्हणाले. "तेवढं तरी माझ्या तोंडानं लावीन." आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी गॅस पेटवून चहा ठेवला. "कागद देऊ का? बांधणीतला उरलाय, चांगला हाय."

सोनटक्क्यांनी तिथेच, खळीच्या डब्याशेजारी, उत्तर लिहिलं. एकाच मसुद्यात. 'चि. अश्लेषास, तुझ्या पत्राचं उत्तर: नाही. धान्याला शेजारभरणी चालते, मताला चालत नाही. रिकामा रकाना रिकामा ठेवावा आणि घरी जाऊन विचारावं. हे उत्तर माझं एकट्याचं आहे. देऊसकरांच्या किंवा इतर कुणाच्या नावापुढे भरू नये. उशिराबद्दल क्षमा कर. श्रीनिवास सोनटक्के.' सही गिचमिड झाली, म्हणून त्यांनी खाली नाव पुन्हा सुवाच्य लिहिलं.

मुजावरांनी पाकीट स्वतःच्या खळीने चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून बघितलं. "हे आता पुरातबी सुटायचं न्हाई."

टपालपेटी पुलाच्या तोंडाशी होती. पोस्टमन अजून यायचा होता. सोनटक्क्यांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि ते तसेच थांबले. पाकिटाबरोबर पैलवाडीही अधांतरी लटकली होती.

"आता मला इचारायला येतील?" मुजावरांनी मागून विचारलं.

"येतील. घरी राहा."

"आनि मी काय सांगू?"

सोनटक्क्यांच्या तोंडाशी 'नाही सांगा' हे शब्द अगदी आले होते. त्यांनी ते गिळले आणि पाकीट सोडलं. ते आत पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.