एपिडॉरसच्या फाटकाबाहेर

दक्षिणेचा वारा सुटला की वेलिंग्टनमध्ये छत्र्या उलट्या होतात नि माणसं तिरकी चालतात. अशाच एका सकाळी हॉस्पिटलच्या हाडांच्या विभागात सुखदा ओल्या केसांनी बसली होती. मांडीवर संमतीचा फॉर्म. उजव्या घोट्याच्या हाडात गाठ, तीही वाईट जातीची. पुढच्या गुरुवारी गुडघ्याखालून पाय काढायचा. नाही काढला तर गाठ छातीत उतरणार... सर्जनबाईंनी हे तिचा हात हातात धरून सांगितलं होतं. आणि फॉर्मवर खाली एक प्रश्न होता – काढलेला अवयव परत हवा आहे का?

"अगं बाई! काय करू नेऊन? शोकेसमध्ये ठेवू?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"मी असतो तर नेला असता," शेजारून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

तिनं मान वळवली. तिशीचा तरुण, दाढीत पावसाचे थेंब, डावं मनगट प्लास्टरमध्ये.

"इथे सगळ्यांनाच विचारतात. इथले मूळचे माओरी लोक माणसाचा तुकडासुद्धा मातीला परत देतात ना. मला मात्र नाही विचारलं. मनगट मोडलंय नुसतं. वाऱ्यानं सायकलवरून उडवलं."

"वाऱ्यानं? की सायकल येत नाही?"

"दोन्ही," तो म्हणाला आणि असा हसला, की तिला त्याच्याकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटलं.

ऋतुराज मूळचा पुण्याचा. इथल्या विद्यापीठात प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवायचा. "ग्रीक लोक बरे झाले की देवाला मातीचा पाय वाहायचे," त्यानं सांगितलं. "देवळात पायच पाय, हातच हात, कान, डोळे..."

"मुलींशी तुम्ही नेहमी असंच बोलता?"

"हो. म्हणून तर अजून एकटा आहे."

ती हसली. किती दिवसांनी! फॉर्मवरच्या त्या प्रश्नापुढे तिनं गमतीगमतीत 'हो'ची खूणसुद्धा केली. सहीची जागा मात्र कोरीच राहिली. फॉर्म घडी होऊन पर्समध्ये गेला.

मग रोज दुपारी लायल बेच्या किनाऱ्यावर, एका बाकावर दोघं. ती रजेवर, तो दोन लेक्चरांच्या मधल्या सुट्टीत. हातात कॉफी, समोर करडा समुद्र, आणि त्याच्या गोष्टी. अस्क्लेपिअसची गोष्ट – वैद्यकीचा ग्रीक देव, तो स्वतःच सुरीतून जन्मलेला. आई चितेवर, ज्वाळा लागलेल्या... बापानं पोट चिरून लेकरू ओढून काढलं. मग कायरॉननं त्याला वाढवलं. अर्धा माणूस, अर्धा घोडा. त्यानंच त्याला मुळ्या ओळखायला आणि जखमेवर सुरी धरायला शिकवलं.

"घोड्याकडे डिग्री होती का पण?"

"तेव्हा डिग्री, व्हिसा काही लागत नसे, चालून जायचं. नंतरच्या वैद्यांनी मात्र नियम केले. सर्जनची नखं बोटांच्या टोकाएवढीच हवीत, लांब नकोत की आखूड नकोत."

दुसऱ्या दिवशी तपासणीहून तिचा फोन. "सर्जनबाईंची नखं बघून आले. पास!"

असं चाललं होतं. पायाला कळ आली की ती बोलता बोलता थांबायची, त्याच्या बाहीची कड मुठीत धरायची. तो गोष्ट थांबवायचा नाही, आवाज तेवढा खाली आणायचा. एकदा त्यानं "सुखदा, मला तुला..." अशी सुरुवात केली. तिनं मान हलवली. "आत्ता नको. आत्ता काहीही बोललास तरी ती दया वाटेल." तो पुन्हा गोष्टीकडे वळला. तिला वाटलं, थोडा हट्ट करायला काय झालं होतं याला...

बुधवार उजाडला. सही झालेली नव्हती.

"एक सांग," बाकावर बसत ती म्हणाली. "तुझ्या अस्क्लेपिअसच्या त्या एपिडॉरसच्या देवळात लोक झोपायचे, देव स्वप्नात येऊन त्यांची गाठ कापायचा, सकाळी ठणठणीत. दगडावर तसं कोरलंय म्हणतोस. सगळेच कसे रे बरे झाले?"

ऋतुराजनं कॉफीचा कप बाकावर ठेवला.

"ज्यांना गुण आला नाही, त्यांचं कोरत नसत," तो म्हणाला.

"आणखी?"

"आवारात कुणी मरायचं नाही, असा नियम होता. माणूस जायला टेकलं की... उचलून फाटकाबाहेर ठेवायचे."

"हे माहीत होतं तुला?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू सही करावीस म्हणून."

ती ताडकन उठली. पाय ठणकला, तरी लंगडत दहा पावलं गेली. "म्हणजे आठ दिवस मला गुंगीचं औषध देत होतास! अरे, पाय काढूनही शंभरातले तीस वाचत नाहीत. बाईंनी तोंडावर सांगितलंय मला. मी त्या तिसांतली असले तर? मला त्या तिसांसकट सही करायची आहे, ऋतुराज. आणि तू मला फक्त सत्तर दाखवत बसलास!"

तो तिच्यामागे आला. केस वाऱ्यानं डोळ्यांत, आवाज फुटलेला.

"मला त्या तिसांची भीती वाटते, सुखदा. म्हणून नाही बोललो. तुला गुंगी देत होतो की स्वतःला, कोण जाणे... एक मात्र मी खूप शोधलंय. फाटकाबाहेर ठेवलेल्या माणसांजवळ कोण बसायचं? कुठे लिहिलेलं नाही. एक ओळसुद्धा नाही." त्यानं श्वास घेतला. "तुला बाहेर ठेवलं तर मी बाहेर बसेन. नाही ठेवलं तरी... बसायचं तुझ्याजवळच आहे. आता म्हण दया."

तिनं पर्समधून घडी केलेला फॉर्म आणि पेन काढलं. लाटेचे शिंतोडे गालावर येत होते, त्यात काही खारट थेंब तिचे स्वतःचे असतील.

"वळ," ती म्हणाली.

"काय?"

"वळ म्हणते ना, पाठ कर इकडे."

त्याच्या ओल्या जॅकेटवर तिनं फॉर्म पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून तळहातानं दाबून धरला. पेनचं टोक त्याला खांद्यापाशी जाणवलं. 'सुखदा' हळूहळू आलं, आडनाव एका दमात.

"उद्या साडेसहाला हजर व्हायचंय," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली. तळहात तिनं अजून उचलला नव्हता. "बाहेर बसायचं तर थंडी वाजेल. जाड स्वेटर घालून ये."