टोपी पडते तेव्हाचा वेग

वायले गावाला उतार आहेत, आणि डेन्मार्कसारख्या सपाट देशात ही गोष्ट जरा आगाऊपणाची समजली जाते. अशाच एका आगाऊ उतारावरून विग्गा मे महिन्यातल्या एका सकाळी बेकरीची तीनचाकी सायकल घेऊन खाली येत होती. पुढच्या पेटीत नव्वद गरम पाव, चेहऱ्यावर भुरभुर पाऊस, आणि ओठांवर भौतिकशास्त्र.

"अंतिम वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ… अंतिम वेगाचा वर्ग बरोबर…"

वर्गापाशी तिने ब्रेक दाबला. उशिरा दाबला.

खाली एक तरुण ट्यूबा घेऊन रस्ता ओलांडत होता. ट्यूबा म्हणजे वासराएवढा पितळी भोंगा. तो न फुंकताच बोलला – भोंऽऽ! – आणि पाव बंदराच्या दिशेने घरंगळत गेले.

"लागलं का?" तरुणाने रस्त्यावर बसल्या बसल्या विचारलं.

"मला नाही. तुला?"

"ट्यूबाला." त्याने पोच्यावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. "पण काय सुंदर पोचा पडलाय बघ! हा पडायला जेवढा वेळ गेला, तेवढा वेळ तुला थांबायला मिळाला. थांबायला जितका जास्त वेळ, तितका धक्का कमी. म्हणून आपण दोघं बोलतोय."

विग्गा बघतच राहिली. त्याच्या ओल्या पापणीवर पिठाचा एक कण बसला होता. समीकरण इतकं ताजंताजं, जागच्या जागी वापरणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

"आणि वेग दुप्पट केलास ना," तो पुढे म्हणाला, "तर थांबायला चौपट रस्ता लागतो. रस्ता मात्र नगरपालिकेने एकपटच बांधलाय."

"तू शिक्षक आहेस?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. नाव आस्के. रविवारी बँडमध्ये हे वाजवतो."

विग्गा वीस वर्षांची होती आणि तिला एकच विषय छळत होता. गेल्या जूनमध्ये भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत तिला शून्य-शून्य मिळालं होतं. डेन्मार्कमध्ये नापासाला दोन शून्यं देतात. एका शून्याने माणूस पुरेसा खचत नाही असा अनुभव असावा. दाराबाहेर घरचे कागदी झेंडे, स्ट्रॉबेरीचा केक आणि तिचं नाव भरतकामात काढलेली शाळा पास झाल्याची पांढरी टोपी घेऊन उभे होते. केक सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला. टोपी घरी येऊन फ्रीजवर बसली, ती अजून तिथेच होती. ती डोक्यावर चढल्याशिवाय सुईणीच्या कॉलेजात प्रवेश नव्हता. आणि शेवटच्या परीक्षेआधी टोपी घालायची नाही, घालणारा हमखास नापास होतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मला एक्केचाळीस समीकरणं पाठ आहेत," पुढच्या बुधवारी बंदरावरच्या बाकावर ती आस्केला म्हणाली. "पण कुठलं कधी वापरायचं ते कळत नाही. मी दिसायला चांगलं असेल ते घेते."

"माणसांच्या बाबतीतही असंच करतेस?"

"म्हणून तर तुझ्याकडे आले," ती म्हणून गेली, आणि घाईघाईने वही उघडली.

आस्केने खोकल्यासारखं केलं. "हं… तर तीन गोष्टी लिहायच्या. काय दिलंय. काय विचारलंय. आणि कशाचं नावही काढलेलं नाही."

"तिसरी कशाला?"

"तीच तर खरी! हे पाच जण – दोन वेग, त्वरण, अंतर, वेळ. गणितात चौघेच येतात. जो आलाच नाही, तो ज्या समीकरणात नाही, ते घ्यायचं. वेळेबद्दल कोणी बोलत नसेल तर वर्गवालं. अंतराबद्दल बोलत नसेल तर पहिलं."

"आणि त्वरण सारखं बदलत असेल तर?"

"मग यांना हात नको लावू. घर्षण नसेल तर ऊर्जेकडे जा. ती वाटेत काय झालं ते विचारत नाही. किती उंचावरून निघालीस, कुठे पोचलीस, बास. फार समजूतदार बाई."

विग्गाला त्या बाईचा किंचित हेवा वाटला.

"लिफ्टमध्ये मुलींना हेच सांगतोस?"

"लिफ्टमध्ये मुली मला फक्त 'अडकलोय' एवढंच सांगतात."

असे पाच बुधवार गेले. ती उरलेले पाव आणायची, तो उदाहरणं आणायचा. खाडीवरचा वारा वहीची पानं उलटायचा आणि दोघांचे हात एकदमच पान धरायला जायचे… मग दोघंही पान सोडून द्यायचे, आणि पान उडून जायचं. पाच आठवड्यांत वही निम्मी झाली.

परीक्षेच्या आदल्या रविवारी आईने त्याला जेवायला बोलावलं. आस्के बीटचं लोणचं काढायला उठला आणि त्याने फ्रीजचं दार जरा जोरात लावलं. वरची टोपी घसरली, हवेत एकदा वळली आणि खाली खुर्चीत बसलेल्या विग्गाच्या डोक्यावर चपखल बसली.

बाबांचा काटा हवेतच थांबला.

"काढ!" आई किंचाळली.

"आता काढून काय," बाबा काटा खाली ठेवत म्हणाले. "घातली ती घातली."

"विग्गा," आस्के पांढराफटक पडला होता, "टोपीला परीक्षा कळत नाही गं…"

"पण मला कळते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक वर्ष ती कोणी हलवली नव्हती, आस्के. एक वर्ष! तू जा."

"पण—"

"जा म्हटलं ना!"

तो लोणच्याची बरणी हातात घेऊनच गेला. बुधवारी ती बंदरावर फिरकली नाही.

शुक्रवारी परीक्षेच्या खोलीत हिरवं कापड घातलेल्या टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडल्या होत्या. विग्गाने एक उचलली: मुक्तपणे पडणारी वस्तू. तिला हसावं की रडावं कळेना. तयारीच्या चोवीस मिनिटांतली चार त्यातच गेली.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्म्यावरून बघत होत्या. "एखादं उदाहरण घ्या."

"फ्रीजवरून पडणारी टोपी," विग्गा म्हणाली. तिच्या शिक्षकांनी छताकडे पाहिलं. "फ्रीज एक मीटर ऐंशी. खाली बसलेल्या मुलीचं डोकं एक मीटर वीस. म्हणजे अंतर साठ सेंटिमीटर. सुरुवातीचा वेग शून्य. त्वरण पृथ्वीचं, दहा धरते. विचारलाय अंतिम वेग." ती थांबली. कानात एक ओळखीचा आवाज बोलला. "आणि वेळेचं कोणी नावही काढलेलं नाही. म्हणून वर्गवालं. दोन गुणिले दहा गुणिले शून्य पूर्णांक सहा… बारा. त्याचं वर्गमूळ, सेकंदाला साधारण साडेतीन मीटर."

"आणि ही टोपी… परीक्षेआधी पडली?"

"रविवारी."

"डोक्यावर?"

"चपखल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या समजुतीवर आजवर कोणी प्रयोग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आपण निकालाची नोंद ठेवू."

निकाल दहा होता. बारापैकी.

दार उघडलं. झेंडे, केक, आईची मिठी. बाबांनी तिच्या डोक्यावर टोपी ठेवली, आणि त्याच क्षणी सायकलींच्या रांगेमागून – भोंऽऽ!

"मीच बोलावलं त्याला," बाबा बुटांकडे बघत म्हणाले. "बरणी परत द्यायला आला होता. धुऊन."

विग्गा सायकलींपाशी गेली. आस्के ट्यूबाच्या आड जेवढं लपता येईल तेवढा लपला होता.

"पोचा काढला नाहीस अजून?"

"काढणार नाही. त्यामुळे एक सूर वेगळा लागतो… मला आवडतो तो."

"एक गणित घालते. दिलंय काय? एक मुलगा, एक मुलगी, पाच बुधवार, अर्धी वही."

"विचारलंय काय?"

"अजून कोणी काही विचारलेलं नाही. पण कशाचं नावही काढलेलं नाही, ते सांग."

सगळी समीकरणं कोळून प्यायलेल्या माणसाचे कान लालबुंद झाले. "प्रेमाचं," तो ट्यूबाच्या तोंडात बघून पुटपुटला. ट्यूबाने ते अख्ख्या पटांगणाला सांगितलं. मागे आईने झेंडा हलवला.

"बरोबर," विग्गा म्हणाली.

"मग मला… किती मार्क?"

तिने आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. या खेपेला ती पडू दिली नाही. दोन्ही हातांनी, टाचा उंचावून, अगदी सावकाश ठेवली – वेग जवळजवळ शून्य, वेळ हवा तेवढा.